फौजदार की कारकून

आत्या रिकामी टोपली घेऊन आली, तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं की आज निकाल लागल्याशिवाय ही बाई हलायची नाही.

एरवी ती कधी रिकाम्या हाताने यायची नाही. भाजी तरी असायची, नाहीतर कुणाची तरी तक्रार. आज मात्र झाकणाची मोठी वेताची टोपली तिने मागच्या दारात आपटली आणि चपला काढायच्या आधीच भावाला म्हणाली, "चार महिने ऐकतेय मी. ह्या रविवारी देतो, त्या रविवारी देतो. माझ्याकडे वीस कोंबड्या आणि कोंबडा एकही नाही. तुझ्याकडे सात कोंबड्या आणि दोन कोंबडे. आता बोल."

"आधी चहा घे, अक्का," अप्पा म्हणाले.

"आधी कोंबडा."

सून कोपऱ्यात उभी राहून ओल्या भाकरीचे तुकडे ताटलीत कुस्करत होती. तिने मान वर केली नाही. आत्याचं म्हणणं खरंच होतं. सात कोंबड्यांत दोन कोंबडे म्हणजे कोंबड्यांची धडगत नव्हती. एक उतरला की दुसरा चढायचा. त्यांतल्या दोघींच्या पाठीवरची पिसं तर इतकी गेली होती की लाल कातडं उघडं पडलं होतं. सुनेने दुकानातून आणलेल्या फुलाफुलांच्या चिंध्यांतून त्यांच्या मापाची पाठकवचं शिवली होती, पंखांखालून इलॅस्टिक घालून. शेजारणी कुंपणावरून बघून हसायच्या. "तुझ्या गिऱ्हाइकांनी शिलाई दिली का गं?" असं विचारायच्या. ती चौदा वर्षं शिवणकाम करत होती. असली नाजूक गिऱ्हाइकं तिला पहिल्यांदाच मिळाली होती.

मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. रविवार असल्यामुळे धाकटी नणंद शहरातून आली होती. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि घरातही नर्सच होती. कोण किती मीठ खातं, कोण किती झोपतं, सगळ्यावर तिचं लक्ष. थोरला, म्हणजे सुनेचा नवरा, बस चालवायचा. त्याची ड्यूटी संध्याकाळची होती, म्हणून तो खाकी शर्ट खुर्चीच्या पाठीला अडकवून बनियनवर बसला होता. सासूबाई सोललेल्या शेंगांचं सूप मांडीवर घेऊन दाराच्या उंबऱ्यावर.

दोन्ही कोंबडे एकाच उबवणीतले, सख्खे भाऊ. पण बघणाऱ्याला ते खरं वाटलं नसतं. एक तांबडालाल, छाती पुढे, शेपटीत हिरवट काळी पिसं. तो चालायला लागला की अंगणात वाट सोडावी लागायची. त्याचं नाव फौजदार. दुसरा राखाडी, अंगाने बेताचा, मान खाली घालून जमीन अशी तपासत फिरायचा की जणू कालचा एखादा कागद सापडत नाहीये. तो कारकून.

"बघ, छाती बघ," अप्पा बहिणीला म्हणाले. "तुरा बघ. पाय बघ, खांब आहेत खांब. हा इथे राहणार. तू तो दुसरा ने."

"मला विचाराल तर उलट करा," थोरला म्हणाला. "मी युनिफॉर्म घालून अंगणात आलो की हा अंगावर येतो. एका घरात दोन खाकीवाले त्याला चालत नाहीत."

"तुला घाबरवतो म्हणून त्याला घालवायचा?"

"अप्पा, मी पन्नास माणसं घेऊन घाट उतरतो. कोंबड्याला घाबरत नाही मी. पण पँट फाडतो तो."

सगळे हसले. सूनही हसली, पण तिचं हसू अर्ध्यावर राहिलं, कारण अप्पा हसताना डावा पाय किंचित मागे घेऊन बसले होते आणि पायजम्याची कड त्यांनी हाताने खाली ओढली होती.

ते का, हे ह्या अंगणात फक्त तिला माहीत होतं. आठ दिवसांपूर्वी सकाळी ती धुणं वाळत घालायला मागे आली, तेव्हा अप्पा पाण्याच्या टाकीजवळ गुडघ्यांवर पडलेले होते. उजव्या हातात जोर नसल्याने त्यांना उठता येत नव्हतं आणि फौजदार पिसं फुलवून पुन्हा झेप घ्यायच्या तयारीत होता. नडगीवर त्याच्या पायातल्या मागच्या काट्याने बोटभर लांब जखम केली होती. तिने त्याला झाडूने हाकललं, अप्पांना आत नेलं, जखम धुतली, पट्टी बांधली. अप्पांनी एवढंच म्हटलं होतं, "धाकटीला कळलं तर ती दुसऱ्या दिवशी खुराडं रिकामं करील. तू बोलणार नाहीस. शब्द दे." तिने दिला होता.

तेव्हापासून अप्पा सकाळी अंगणात आले नव्हते. सर्दी झालीय, असं ते सगळ्यांना सांगत होते.

*

धाकटीने बापाकडे पाहिलं आणि तिला बरं वाटलं. कोंबड्याच्या छातीवर एवढं भरभरून बोलणारा हा माणूस वर्षभरापूर्वी भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. चौतीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक बोटाने ओळखणारा. झटका आला आणि तोच उजवा हात चमचा धरीना. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या. कुणी म्हणालं, चेंडू दाबा. अप्पांनी चेंडू खिडकीतून बाहेर फेकला, तोही डाव्या हाताने. तेव्हा तिने पुठ्ठ्याच्या खोक्यातून चार कोंबड्या आणून अंगणात सोडल्या आणि म्हणाली, ह्यांना दाणे तुम्ही टाकायचे, उजव्या हाताने. पहिल्या दिवशी सगळे दाणे त्यांच्याच पायावर पडले होते.

पुढे एक कोंबडी खुडूक बसली, तिच्याखाली शेजारणीकडची अंडी उबवायला ठेवली. पिल्लं निघाली त्या दिवशी अप्पांनी स्वतः तिला फोन लावला होता.

"फौजदार राहू दे," ती म्हणाली. "अप्पांना तो आवडतो ना? मग प्रश्नच मिटला. वहिनी, तुला काय वाटतं? तू काही बोलतच नाहीयेस."

"कारकून ठेवावा," सून म्हणाली.

"का?"

"बरा आहे तो."

"बरा म्हणजे?"

"दाणा सापडला की आधी कोंबड्यांना बोलावतो. स्वतः मागून खातो. अंगावर येत नाही."

"म्हणजे तुला सांभाळायला सोपा."

"तसं समजा."

धाकटीला राग आला. रोज इथे राहणारी माणसं आपल्या सोयीचं बघतात आणि रविवारी येणाऱ्याला बापाचं सुख दिसतं, असं तिला वाटलं. ती जरा मोठ्यानेच म्हणाली, "वहिनी, ह्या कोंबड्या मी अप्पांसाठी आणल्यात. तुझ्या सोयीसाठी नाही."

सुनेच्या हातातली ताटली कलली आणि दोन तुकडे खाली पडले. तिने ओठ उघडले, सासऱ्यांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"जिभेला जरा आवर घाल," उंबऱ्यावरून आई म्हणाली. "पहाटे उठून खुराडं कोण झाडतं, ते एकदा मुक्कामाला राहून बघ."

"मी फक्त—"

तिचं वाक्य पुरं झालं नाही. कारकुनाने मान वाकडी करून एक डोळा आभाळाकडे लावला आणि घशातून एक लांब, बारीक आवाज काढला. माणसांना कळायच्या आत कोंबड्यांना कळलं. सातही जणी, फुलाफुलांच्या दोघींसकट, धावत लाकडांच्या ढिगाखाली शिरल्या. कारकून त्यांच्या मागून, शेवटची आत गेल्यावर, स्वतः आत गेला. मग सावली आली. पत्र्यावरून सरकत ससाणा इतका खाली उतरला की आत्याने डोक्यावर पदर घेतला.

अंगणात एकटा फौजदार उभा होता. मानेची सगळी पिसं उभी, पंख जमिनीला टेकलेले. ससाणा खाली आला तसा त्याने उंच उडी मारली आणि दोन्ही पाय पुढे झाडले. नुसता फडफडाट झाला. ससाणा वळला, कुंपणावरून वर चढला आणि दिसेनासा झाला. फौजदाराने दोन फेऱ्या मारल्या, अंग झाडलं आणि असा आरवला की पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

"बघितलंत?" अप्पा खुर्चीतून अर्धे उठले होते. "बघितलंत का? म्हणून म्हणतो, हाच राहणार!"

"आणि म्हणूनच मला हाच हवा," आत्या म्हणाली. "माझं रान उघडं आहे. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला कुत्री. गेल्या दोन महिन्यांत पाच कोंबड्या गेल्या माझ्या. तुझ्या ह्या बाकड्याएवढ्या अंगणात त्याला काय काम?"

"तुला तो राखाडी देतोय ना."

"तो लपणारा? तो मला नको. दिलास तर नेईन, पण तीन दिवसांत शिजवीन. मी सांगून ठेवते, मागाहून कुणी तोंड पाडायचं नाही."

"आत्या!" थोरला म्हणाला.

"काय आत्या? मी काही कोंबड्यांचा वृद्धाश्रम काढलेला नाही."

*

अप्पा खाली बसले. लाकडांच्या ढिगाखालून कारकून बाहेर आला, इकडे तिकडे पाहिलं आणि कुक्-कुक् करत कोंबड्यांना बाहेर बोलावलं. सुनेने सांडलेल्या दोन तुकड्यांशी तो त्यांना घेऊन गेला आणि बाजूला उभा राहिला. एकाही तुकड्याला त्याने चोच लावली नाही.

अप्पांनी ते पाहिलं. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती खाली बघत होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता. एक वाक्य बोलली असती तर तिचं म्हणणं सगळ्यांनी मान्य केलं असतं आणि धाकटीला तिची माफी मागावी लागली असती. तिच्या आवडत्या कोंबड्याचं मरण समोर ठरत होतं. तरी ती गप्प होती. दिलेला शब्द सांभाळत होती.

त्यांना स्वतःची लाज वाटली. आठ दिवस ते खिडकीतून अंगण बघत होते. दाणे टाकायला हात शिवशिवायचा, मागच्या दारापर्यंत जायचे आणि लाल शेपटी दिसली की परत फिरायचे. ज्याच्यासाठी आपण भांडतोय त्याला आपण भितो, हे त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. फौजदाराचा डौल त्यांना का आवडतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. वर्कशॉपमध्ये एकेकाळी आपण आलो की पोरं असंच बाजूला सरायची. घरातही सरायची. तेव्हा ते आवडायचं.

"अहो," आई हळूच म्हणाली, "काय झालं?"

अप्पांनी वाकून डाव्या पायाचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला.

पांढरी पट्टी सगळ्यांना दिसली.

"फौजदाराने केलंय," ते म्हणाले. "आठ दिवस झाले. टाकीजवळ पाडलं मला. उठता येईना. सूनबाई आली म्हणून बरं. मीच तिला गप्प बसायला सांगितलं होतं. ती आत्ता बोलली नाही ती माझ्यामुळे."

धाकटी उठली. तिचा आवाज हॉस्पिटलातला झाला.

"आठ दिवस? अप्पा, तुमच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, कळतंय का तुम्हाला? डोकं आपटलं असतं तर? बास. कोंबडे नको आणि कोंबड्याही नको. आत्या, सगळ्या घेऊन जा. आजच."

"मी टोपली एकच आणलीय," आत्या म्हणाली, पण कुणी हसलं नाही.

अप्पांनी पायजमा खाली सोडला. "हेच होणार होतं," ते एवढंच पुटपुटले. उजवा हात त्यांच्या मांडीवर तसाच पडून होता.

"नाही," सून म्हणाली.

तिने ताटली खाली ठेवली. पदराला हात पुसत ती नणंदेसमोर येऊन उभी राहिली. "ताई, तुम्ही आणल्यात, मान्य. पण त्यांच्या हातात फरक पडलाय तो तुम्ही फोनवर ऐकता, मी रोज बघते. आधी मूठ उघडायला डावा हात लागायचा. आता अंडं उचलून आणतात. उजव्या हाताने. न फोडता. महिन्याभरात एकच फुटलंय, तेही यांचा धक्का लागून."

"दारात उभा होतो मी," थोरला म्हणाला. "चूक माझीच."

"पाडलं ते एका कोंबड्याने," सून पुढे म्हणाली. "सात कोंबड्यांनी नाही. एकाला पाठवा. बाकी अंगण त्यांचं त्यांना राहू दे. आठ दिवस ते बाहेर आले नाहीत, तर बघा, हात पुन्हा आखडायला लागलाय."

धाकटीने बापाचा हात हातात घेतला. बोटं एकेक करून उघडली. तिसऱ्या बोटाशी ती थांबली. ते आखडलेलंच होतं.

"कोंबड्या राहतील," उंबऱ्यावरून आई म्हणाली. ती क्वचितच कशाचा निकाल द्यायची. म्हणून तिने दिला की कुणी फेरविचार मागायचं नाही. "लाल जाईल. राखाडी राहील. आणि ह्या घरात आता कुणी कुणाला गप्प बसायचा शब्द मागायचा नाही. चाळीस वर्षं पुष्कळ झाली."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग हसले. "तू राखाडीच्या बाजूची आहेस, हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

आत्या जोरात हसली आणि त्या हसण्याने अंगण सैल झालं. धाकटीने बापाला पाय स्टुलावर ठेवायला लावला, पट्टी सोडली, जखम दाबून पाहिली, वास घेतला. कुठे पू नव्हता, लाली नव्हती. कडा जुळत आल्या होत्या.

"रोज बदलत होतीस?" तिने मान वर न करता विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ."

"चांगली बांधलीस. आमच्याकडच्या नव्या पोरींना एवढी सरळ जमत नाही."

"शिंपीण आहे मी. वाकडी गेली तर मलाच झोप येत नाही."

धाकटी थोडा वेळ नवी पट्टी गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मघाशी मी जे बोलले ना, वहिनी..."

"कात्री देऊ का?" सून म्हणाली.

"दे."

दोघींनी मिळून पट्टीचं टोक कापलं.

*

फौजदाराला उजेडात पकडण्यात अर्थ नव्हता. अप्पा म्हणाले, सूर्य मावळला की तो दांडीवर चढतो आणि मग मेंढरासारखा असतो. तेव्हा मी पकडीन.

"माझी शेवटची बस?" आत्याने विचारलं.

"शेवटची बस मीच नेणार आहे," थोरला शर्टाची बटणं लावत म्हणाला. "तू बसल्याशिवाय ती निघत नाही."

दिवस कलला तशा कोंबड्या एकामागून एक खुराड्यात गेल्या. फौजदार शेवटी चढला, सगळ्यांत उंच दांडीवर. अप्पा वाकून आत शिरले. मागे सून हात पुढे धरून उभी होती, पण तिने त्यांना हात लावला नाही. अप्पांनी डाव्या हाताने कोंबड्याला खालून उचललं आणि उजवा हात, हळूहळू, त्याच्या पंखांवर आणून ठेवला. तो एकदा घोगरं बोलला. मग त्याने डोळे मिटले. एवढा जड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि त्याच्या छातीत काळीज इतक्या जोरात उडत असेल असंही नाही. ते तसेच उभे राहिले. कुणी घाई केली नाही.

"तिकडे ओढा आहे," ते त्याला म्हणाले. "कुत्री आहेत. तुझ्या जोगतं काम आहे."

टोपलीत ठेवून त्यांनी झाकण स्वतः बांधलं. गाठीला वेळ लागला. आत्याने टोपली अशी उचलली की जणू आत काचेचं सामान आहे, आणि बसमध्ये ती मांडीवर घेऊन थेट ड्रायव्हरच्या मागे बसली. दुसऱ्या थांब्यावर कुणीतरी विचारलं, "काय आहे हो आत?" तेव्हा आरशात बघत थोरला म्हणाला, "आमचे साहेब. बदली झालीय."

धाकटी त्या रविवारी परत गेली नाही. तिने हॉस्पिटलात फोन करून सोमवारची पाळी बदलून घेतली आणि वहिनीच्या शिलाई मशीनशेजारी गादी टाकली.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी सुनेला जाग आली. तिने पांघरूण बाजूला केलं, पाय खाली सोडले आणि थांबली. मागच्या दाराची कडी काढल्याचा आवाज आला. मग सावकाश पावलं. खुराड्याची फळी सरकली, कोंबड्या खाली उतरल्या, आणि दाणे पडल्याचा आवाज आला. एकदम नाही. मूठभर, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा मूठभर.

"अरे, तूही खा," अप्पा कुणाला तरी म्हणत होते. "त्यांचं झालं. आता तूही खा की."

सुनेने पाय वर घेतले, पांघरूण ओढलं आणि कितीतरी महिन्यांनी उजाडल्यावर पुन्हा झोपली.